येणारी वाट रुंद, जाणारी अरुंद

गोविंदपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला वाहतूक म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भोपाळच्या या भागात १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभारण्याचे ठरले, पुढे १९७४ साली तो भेलमध्ये विलीन झाला, आणि नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येऊन वसली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. आता अशी कल्पना करा, की पाळी बदलण्याच्या वेळी आत येणाऱ्यांसाठी दहा फाटके उघडी आहेत आणि बाहेर पडणाऱ्यांसाठी मात्र एकच. बाहेर पडणाऱ्यांची रांग किती लांबेल बरे! कोणताही शहाणा व्यवस्थापक अशी योजना करणार नाही. परंतु आपल्या घरोघरी आलेल्या ब्रॉडबँडच्या तारेत नेमकी हीच योजना पुष्कळदा असते, आणि तिच्याबद्दल आपण अवाक्षरही काढीत नाही.

या योजनेला मूळ कारण नव्हते असे नाही. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट देण्याच्या ज्या पद्धतीला एडीएसएल म्हणतात, तिच्या नावातील पहिले अक्षरच ‘असमान’ या अर्थाच्या शब्दाचे आहे. तारेची वहनशक्ती मर्यादित. त्या काळी लोक इंटरनेटवरून मुख्यतः वाचीत व पाहत. म्हणून अभियंत्यांनी मोठा वाटा घरात येणाऱ्या माहितीला दिला आणि लहान वाटा घरातून जाणाऱ्या माहितीला. या पद्धतीच्या सुधारलेल्या रूपातही येणारा वेग सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत, तर जाणारा जेमतेम एक-दीड मेगाबिट! आता काचतंतू आले. त्यांच्या एका प्रचलित पद्धतीत येण्यासाठी सुमारे अडीच हजार आणि जाण्यासाठी सुमारे साडेबाराशे मेगाबिट मिळतात. पण ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत मिळून वाटले जातात.

या विषमतेचा हिशेब आपल्या पाचवीच्या गणितानेही करता येईल. शंभर मेगाबाइटची चित्रफीत म्हणजे आठशे मेगाबिट. दहा मेगाबिटच्या वेगाने ती ऐंशी सेकंदांत घरात येते. तीच एक मेगाबिटच्या वेगाने धाडावयाची झाल्यास आठशे सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून अधिक काळ लागतो. शिवाय गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. इंटरनेटवरून आलेल्या माहितीची पोचपावती आपल्या यंत्राला उलट पाठवावी लागते. जाणारी वाट कोंडली, की पोचपावत्या अडकतात. त्या अडकल्या, की पाठवणारा हात आखडता घेतो. अशा रीतीने अरुंद वाट रुंद वाटेलाही निरुपयोगी करून सोडते.

येथे सेवा देणाऱ्या कंपन्या ‘वाहतूक-व्यवस्थापना’चा आधार घेतात. वस्तुतः व्यवस्थापन वाईट नव्हे. चौकात पोलीस नसेल तर सर्वांचाच खोळंबा होतो. संभाषणातील आवाज क्षणभर उशिरा आला तर ते तुटते. चित्रपट काही क्षण उशिरा आल्याने बिघडत नाही. तेव्हा गर्दीच्या वेळी आवाजाला आधी वाट देणे न्यायाचेच आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सारे घरी बसले, तेव्हा चित्रपट व चित्रफिती दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी भारतात चित्रांची सुस्पष्टता काही काळ कमी केली. ते सर्वांना सांगून केले, म्हणून कोणी त्याला अन्याय म्हटले नाही.

अन्याय होतो तो गुप्ततेत. अमेरिकेत २००७ साली रॉब टोपोल्स्की या गृहस्थांना आढळले, की शतकापूर्वीची जुनी, कोणाचीही मालकी न उरलेली गाणी ते इतरांना पाठवू लागले की जोडणी आपोआप तुटते. शोध घेता कळले, की कॉमकास्ट ही त्यांची सेवा देणारी कंपनीच दोन्ही टोकांना ‘संभाषण संपले’ असा खोटा निरोप धाडीत होती. पोस्टमनने पत्र उशिरा आणणे वेगळे आणि पत्रलेखकाच्या नावाने खोटे पत्र लिहिणे वेगळे! तेथील दूरसंचार आयोगाने २००८ साली कंपनीला दोषी ठरवले. २०१० साली न्यायालयाने आयोगाला तसा अधिकारच नसल्याचे सांगून तो आदेश रद्द केला. यावरून एवढे ध्यानात येते, की स्पष्ट नियमावाचून नुसता सद्हेतू पुरत नाही.

आपल्या देशाने या बाबतीत चांगली पावले टाकली आहेत, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. ट्राय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये, कोणते संकेतस्थळ पाहतो यावरून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. २०१८ साली सरकारने इंटरनेटवर भेदभाव नको हे तत्त्व मान्य केले. व्यवस्थापन करावयाचे तर ते वाजवी असावे, अशी मर्यादा घातली. परंतु ब्रॉडबँडची व्याख्या पाहा. २००४ साली किमान वेग २५६ किलोबिट ठरला, २०१३ साली ५१२ किलोबिट आणि २०२३ साली दोन मेगाबिट. तिन्ही वेळा तो केवळ येणाऱ्या माहितीचा! जाणाऱ्या माहितीविषयी व्याख्या मौन पाळते.

कोणी म्हणेल, बहुतेक लोक घेतातच अधिक आणि देतात थोडे. मग समान वाटा कशासाठी? समान वाटा हवाच असा माझा आग्रह नाही. परंतु वाट अरुंद ठेवावयाची आणि मग त्या वाटेने फारसे कोणी जात नाही असे म्हणावयाचे, हा युक्तिवाद टिकणारा नव्हे. आज विद्यार्थ्याला वर्गात बोलावयाचे असते, उत्तरपत्रिका धाडावयाची असते; औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराला यंत्रभागांचे आराखडे पाठवावयाचे असतात. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांतून तर आणखी एक गोष्ट जावयाची आहे. आजीच्या कंठातील ओव्या, आजोबांनी सांगितलेल्या या वसाहतीच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवणे आपल्याच हाती आहे. ज्याला फक्त घेता येते तो श्रोता. ज्याला देताही येते तो नागरिक.

म्हणून मागणी साधी आहे. जाहिरातीत आणि बिलावर येणारा व जाणारा, दोन्ही वेग सारख्याच ठळक अक्षरांत छापावेत. गर्दीच्या वेळी कोणाला आधी व कोणाला मागे ठेवले जाते, ते ग्राहकाच्या भाषेत जाहीर करावे. ब्रॉडबँडच्या व्याख्येत जाणाऱ्या वेगालाही स्थान मिळावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, घरातील लहानशा वाटेचे व्यवस्थापक आपणच आहोत. ताईची तोंडी परीक्षा चालू असताना आपली चित्रफीत रात्री पाठवली तर काही बिघडत नाही. मात्र नवी जोडणी घेताना वडिलांना एक प्रश्न अवश्य विचारावयास सांगा: “येणारा वेग कळला, जाणारा किती?” हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, की त्याचे उत्तर देणे कोणालाही टाळता येणार नाही.