आकाशातला बोहाडा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-क्रीडेला आणि सामाजिक व शैक्षणिक स्वरूपाच्या खेळांना उत्तेजन देण्याचे धोरणही स्वीकारले. पहिल्या भागाची चर्चा पुष्कळ झाली. दुसऱ्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कारण उघड आहे. पडद्यावरचा खेळ म्हणजे व्यसन, आणि व्यसनाविषयी बोलावयाचे ते बंदीच्याच भाषेत, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची समजूत आहे. बंदी कशावर घालावी हे ठरविणे तुलनेने सोपे असते. उत्तेजन कशाला द्यावे हे ठरवावयाचे, तर मुलांना या खेळांत नेमके काय सापडते, हे आधी समजून घ्यावे लागते.

या खेळांतील एक प्रकार यासाठी विशेष पाहण्यासारखा आहे. त्यात खेळाडू एखादी भूमिका स्वीकारतो, तिला नाव देतो, तिच्या वतीने निर्णय घेतो आणि त्या निर्णयांचे परिणाम भोगीत एक दीर्घ कथा पार पाडतो. अशा कथेची भूमी पुष्कळदा अंतराळ असते. ताऱ्याताऱ्यांतून पसरलेली साम्राज्ये, त्यांची युद्धे, लयाला गेलेल्या जमातींचे अवशेष आणि या साऱ्यातून वाट काढणारे एक जहाज, असा तो पसारा असतो. या जातीच्या कथांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. विल्सन टकर या अमेरिकन लेखकाने १९४१ मध्ये हा शब्द काढला तो हेटाळणीसाठी. त्या काळी साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर रेडिओवर चालणाऱ्या रडक्या मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणत. तसेच हे अंतराळातले, असा त्याचा अर्थ होता. मराठी माणसाला मात्र ऑपेरा म्हटले की संगीत नाटक आठवेल, आणि १८८० साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून त्या नाटकांसाठी रात्री जागविणाऱ्या समाजाने या शब्दाला नाक मुरडण्याचे कारण नाही.

या खेळांचा उगम संगणकात झालेला नाही. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चार मित्रांनी टेबलाभोवती बसावे आणि एकाने कथा सांगत जावी, अशा स्वरूपात १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपट झळकला आणि त्याच वर्षी ‘ट्रॅव्हलर’ या खेळाने हीच रीत अंतराळात नेली. ‘ट्रॅव्हलर’मधील एक गोष्ट आमच्या कारकून वर्गाला विशेष भावेल. त्यात खेळाडूला आकाशगंगेत हिंडावयास जहाज मिळे, परंतु ते बहुधा कर्जावर घेतलेले असे आणि चाळीस वर्षे त्याचे मासिक हप्ते फेडावे लागत. ताऱ्यांमध्ये जाऊनही हप्ता चुकत नाही, हे ज्याला सुचले त्याला संसार ठाऊक होता यात शंका नाही.

पुढे ही कल्पना संगणकावर आली. कॅनडातील बायोवेअर या कंपनीने २००३ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या विश्वावर बेतलेला ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ आणि २००७ ते २०१२ या काळात ‘मास इफेक्ट’ ही त्रिखंडी कथा तयार केली. ‘मास इफेक्ट’मधील नायक वा नायिका शेपर्ड, पुरुष की स्त्री, हे खेळाडूनेच ठरवावयाचे. पहिल्या खंडात एके ठिकाणी दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचविता येते. खेळाडूने ज्याला मागे सोडले तो पुढच्या दोन्ही खंडांत पुन्हा भेटत नाही. तिसऱ्या खंडाचा शेवट आला तेव्हा, इतके निर्णय घेऊन अखेरीस त्यांना किंमत उरली नाही, अशी तक्रार असंख्य खेळाडूंनी इतक्या तीव्रतेने केली की कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये विस्तारित शेवट विनामूल्य द्यावा लागला. ही तक्रार नीट वाचली पाहिजे. करमणूक कमी पडली असे त्या तरुणांचे म्हणणे नव्हते. आपण केलेल्या निवडीची दखल घेतली गेली नाही, असे होते.

या आकर्षणाचे मर्म येथे आहे. ज्या तरुणाचे शिक्षण गुणपत्रिका ठरवते, नोकरी परीक्षांच्या तारखा ठरवतात आणि लग्न वडीलधारे ठरवतात, त्याला आपल्या एका शब्दावर एखाद्या ग्रहाचे भवितव्य अवलंबून आहे, ही कल्पना मोह घालणारच. शिवाय त्या जहाजावर कोण कोणाचा, आडनाव काय, गाव कोणते, हे विचारणारा नसतो. वेगवेगळ्या जमातींचे, वेगवेगळ्या शरीरांचे प्राणी एका छताखाली राहतात, भांडतात आणि एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात. तेथेही द्वेष आहे, उच्चनीचता आहे. पण ती परक्या ग्रहावरची असल्यामुळे तिचा अन्याय लख्ख दिसतो. स्वतःच्या गल्लीतला तो सहसा दिसत नाही.

मात्र हे सारे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या हरसूलकडे पाहावे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हे आदिवासी भागातले बाजारपेठेचे गाव. या गावात आणि पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या साऱ्या पट्ट्यात होळीनंतर, पावसाळा लागण्यापूर्वी बोहाडा होतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकामागून एक सोंगे निघतात. आधी गणपती आणि शारदा येतात; मग नृसिंह, रावण, वेताळ; आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. पुष्कळ गावांत अमुक सोंग अमुक घराण्याने घ्यावयाचे, असा मान ठरलेला असतो. दिवसभर शेतात राबणारा कोकणा, वारली किंवा महादेव कोळी गडी रात्री मुखवट्याचा भार मानेवर पेलून देव अथवा दैत्य होतो. देव-दानवांच्या युद्धाने त्रैलोक्य हलते, आणि ते हलविणारा पाय आपल्याच शेजाऱ्याचा असतो. साध्या माणसाने विश्वाएवढ्या कथेत भूमिका घ्यावी, या मागणीचे उत्तर सह्याद्रीच्या या रांगांनी संगणकाच्या पुष्कळ आधी दिलेले आहे.

दोहोंत फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. बोहाड्याचे सोंग साऱ्या गावासमोर नाचते. पाऊल चुकले तर शंभर डोळे पाहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा पारावर होते. व्हिडिओ गेमचा खेळाडू पुष्कळदा खोलीत एकटा असतो आणि निर्णय चुकला तर जतन केलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करू शकतो. बोहाडा पहाटे संपतो, मुखवटा उतरतो आणि माणूस कामाला लागतो. खेळ संपण्याची वेळ मात्र खेळाडूलाच ठरवावी लागते, आणि ती न ठरविता येणारी मुले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. अभ्यास आणि झोप बुडवून पडद्याला चिकटलेल्या मुलाची पालकांना वाटणारी काळजी खोटी नव्हे. परंतु अशा मुलाला ‘हे सोड’ एवढेच सांगून भागत नाही. त्याला तेथे जे मिळते, म्हणजे निर्णयाचा अधिकार, सोबत्यांचा विश्वास आणि मोठ्या कार्यातला वाटा, त्यातले थोडे तरी शाळेने व घराने देऊ केले पाहिजे.

तिसरा फरक सर्वांत गंभीर आहे. बोहाड्याचा मुखवटा त्याच भागातल्या कारागिराने लाकडातून किंवा कागदाच्या लगद्यातून घडविलेला असतो. आकाशगंगेचा मुखवटा परदेशात घडतो, इंग्रजी बोलतो आणि हजारो रुपयांना विकला जातो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. हरसूलसारख्या गावातल्या विद्यार्थ्याच्या हाती फार तर मोबाइल असतो, आणि त्यावर फुकट मिळतात ते बहुतेक गोळीबाराचे, नाही तर खिसा कापणारे खेळ. ज्यात विचार आहे, संवाद आहे, नीतीचा पेच आहे, ते खेळ त्याच्यापासून दोन भिंतींपलीकडे राहतात: एक किमतीची आणि दुसरी भाषेची.

मराठीला हा प्रांत अगदीच परका आहे, असे नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. ते नाव धारण करणारे जयंत नारळीकर होते. एका मोठ्या शास्त्रज्ञालाही आकाशाची गोष्ट सांगताना एक सोंग घ्यावेसे वाटले, हे लक्षणीय आहे. त्यांनी पुण्यात १९८८ मध्ये उभी केलेली ‘आयुका’ आणि जुन्नर तालुक्यातील खोडद येथील तीस महाकाय दुर्बिणी, असे खरे आकाश महाराष्ट्राच्या दाराशी आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. त्यात खेळ करून पोट भरणारी एक मुलगी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन असुरांशी लढते, आणि जगभरच्या खेळाडूंनी तो खेळला. मुंबईत २०२५ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही संस्था सुरू झाली आहे. कसब आहे, संस्था आहे, आता कायद्याचे उत्तेजनही आहे.

तेव्हा उत्तेजनाचा अर्थ केवळ स्पर्धा भरविणे आणि बक्षिसे वाटणे, एवढाच होऊ नये. मराठीत, आणि शक्य तेथे कोकणा व वारली बोलींत, विचार करावयास लावणारे भूमिकाखेळ लिहिले जावेत. ते साध्या मोबाइलवर चालावेत आणि शाळांना विनामूल्य मिळावेत. त्यासाठी लेखक, चित्रकार आणि संगणकज्ञ यांना एकत्र बसवावे लागेल, आणि बोहाड्याचे मुखवटे घडविणाऱ्याला त्यांच्या पंक्तीला मानाने बसवावे लागेल. त्याच्या कलेची केवळ नक्कल उचलून चालणार नाही. तिचा मोबदलाही त्याच्या घरी गेला पाहिजे. शिक्षकांना तर शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. ‘ट्रॅव्हलर’ला वीज लागत नव्हती. एक वही, दोन फासे आणि पाच विद्यार्थी एवढ्यावर आकाशगंगेची सफर कोणत्याही वर्गात घडविता येते. आणि तिच्यात कोणाला वाचवावयाचे व कोणाला मागे सोडावयाचे, हे हरसूलची मुले सर्वांसमोर, स्वतःच्या भाषेत ठरवू शकतील.