हैदराबादला ऑपरेशन ठरवताय? आधी कार्डाचं विचारा

हळद विकून पट्टी हातात पडली की आपल्याकडे दोन कामं निघतात: पोरीचं लग्न आणि म्हाताऱ्याचं लांबवलेलं ऑपरेशन. गुडघा, मणका, हर्निया, गर्भाशयाची गाठ. यातलं बरंचसं तातडीचं नसतं, डॉक्टरांना विचारून तारीख ठरवता येते. घरात विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हैदराबादला दाखवा."

त्यात गैर काही नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, सोयरिकी तिकडच्या, गाडीची सोय आहे, काचीगुड्याला उतरलं की हिंदीवर भागतं. निम्ससारखा मोठा सरकारी दवाखाना आहे, डोळ्यांसाठी एल. व्ही. प्रसाद आहे. पण मध्ये राज्याची सीमा लागते. गाडीत ती कळत नाही, बिलाच्या खिडकीवर कळते.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना महाराष्ट्र सरकारची. तिच्या भरवशावर हैदराबादला निघू नका. तेलंगणाची आरोग्यश्री तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आपल्या रेशन कार्डाचा तिथे उपयोग नाही. केंद्राची आयुष्मान भारत मात्र परराज्यातल्या जोडलेल्या दवाखान्यातही चालते, आणि तेलंगणा 2021 साली तिच्यात आलं. घोळ असा की महाराष्ट्रात या दोन्ही योजना एकत्र राबवतात. कार्ड हातात असतं, पण आपलं कुटुंब केंद्राच्या यादीत आहे की फक्त राज्याच्या, हे घरात कुणालाच माहीत नसतं.

म्हणून तिकीट काढायच्या आधी 14555 वर फोन लावा आणि हेच विचारा. फुले योजनेसाठी 155388. मग ज्या दवाखान्यात जायचं तिथल्या आयुष्मान कक्षाला ऑपरेशनचं नेमकं नाव सांगा. "कार्ड चालतं का" एवढंच विचारलं तर "हो" म्हणतील. हेच ऑपरेशन, महाराष्ट्राच्या कार्डावर, याच दवाखान्यात होतं का, असं विचारा. "आता रोख भरा, नंतर योजनेतून परत मिळतील" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. या योजनांत मंजुरी आधी लागते आणि पैसे थेट दवाखान्याला जातात.

माझं स्पष्ट मत: आधी नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवा, कॅन्सर असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात. हिंगोलीतही 2024 पासून मेडिकल कॉलेज आहे. तिथे होत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर मग सीमा ओलांडा; आणि कुठे जायचं ते त्यांनाच चिठ्ठीवर लिहून मागा. स्टेशनवर भेटणाऱ्या "ओळखीच्या माणसा"चं ऐकून दवाखाना बदलू नका. त्याची ओळख कमिशनची असते.

जाताना नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही. एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या. गाठीचा तुकडा तपासला असेल तर लॅबमधून काचपट्टी आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढा मेणाचा ठोकळा, त्यात तो तुकडा बसवलेला असतो आणि कडेला नंबर असतो. रिपोर्टवरच्या नंबराशी तो जुळतोय का ते लॅबच्या दारातच पाहा. नंबर चुकला किंवा ब्लॉक राहिला, तर तिकडे पुन्हा सुई टोचायची वेळ येऊ शकते. आणि मेण आहे ते, मे महिन्यात जीपच्या काचेखाली ठेवू नका. पाण्याच्या बाटलीशेजारी पिशवीत बरं.

कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत सवलत मिळते; हृदयाच्या ऑपरेशनला किंवा किडनीच्या उपचाराला जाणाऱ्यांनाही. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते आधीच भरून घ्या.

शेवटचं काम दवाखान्यातून निघताना. टाके कधी आणि कोण काढणार, पट्टी कुठे बदलायची, पुन्हा यायचं की फोनवर चालेल, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. औषधांची नावं ब्रँडसोबत मूळ औषधाचीही लिहायला सांगा. आपल्याकडे सेनगावच्या मेडिकलवर हैदराबादचा ब्रँड मिळेलच असं नाही.