रानतुरीला गवत समजू नका

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. ती वाढवायची तर शास्त्रज्ञ त्याच्या रानटी भावंडाकडे वळतात. पण ते चीन, जपान, कोरियात उगवते. आपल्या मराठवाड्याच्या तुरीचे तसे नाही. तिची भावंडे भारतातल्याच माळांवर गवतात पसरलेली असतात.

त्यांचे दाणे बारीक, शेंगा वाळल्या की तडकून बी उधळणाऱ्या. खायला अगदी कुचकामी! तरीही हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत तुरीशी त्यांचा संकर केला गेला. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मिळालेल्या काही वाणांच्या डाळीत 28 टक्क्यांहून अधिक प्रथिने भरली. नेहमीच्या डाळीत ती 23-24 टक्के असतात. वरणभातावर वाढणाऱ्या मुलांना हा फरक थोडाथोडका नव्हे.

बी शीतगृहात जपले आहे, मग माळ नांगरला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. शीतगृहातले बी झोपलेले असते. माळावरचे दरवर्षी उन्हाशी, किडींशी झुंजत बदलत राहते. म्हणून छत्रपती संभाजीनगरभोवतालचे गवताळ उतार पेटवण्यापूर्वी, खणण्यापूर्वी तेथे काय उगवते याची नोंद व्हावी. शाळेतली मुलेही ती करू शकतील. दिवाळीच्या सुमारास तुरीसारख्याच, पण चिमुकल्या आणि केसाळ शेंगा शोधायच्या.