काडतुसांचा हिशेब

आमच्या वाघोलीत हल्ली लग्नकार्यात कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेला एखादा तरी पाहुणा दिसतोच. नगर रस्त्यालगतच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं, आणि पैशाबरोबर भीतीही आली. काहींची भीती खरी असते, काहींना नुसता मिरवण्याचा सोस. पण आज मला लिहायचंय ते काडतुसांवर. शस्त्राचं कौतुक सगळे करतात, काडतुसाकडे कोणाचं लक्षच नसतं.

निमित्त असं की माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला नुकताच परवाना मिळाला. त्याने फोन करून विचारलं, "सर, आत सहा बसतात. पण खिशात आणखी सहा-बारा असलेली बरी ना?" हा विद्यार्थी म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या भाच्याचा बालमित्र. भाचा तिकडे घरच्या घरी काडतुसं भरतो. त्याचं लगेच पत्र आलं (म्हणजे ईमेल हो!), "मामा, त्याला सांगा, दिवाळीला येताना मी गोळ्या ओतायचा साचा घेऊन येतो. विकतच्या काडतुसांवर पैसे घालवू नकोस म्हणावं."

आता हे काडतुसं भरणं म्हणजे काय ते आधी सांगतो. काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, टोपी आणि दारू जळते, पण पुंगळी शिल्लक राहते. तीच पुन्हा वापरायची. गोळी शिशाची, साच्यात ओतून घ्यायची. शिसं नुसतं मऊ पडतं म्हणून त्यात थोडं कथील आणि अँटिमनी घालतात. भाचा मोटारीच्या चाकांच्या तोलाला लावतात ती जुनी शिशाची वजनं वितळवतो. मोडीत निघालेल्या छापखान्यांचा धातू मिळाला तर या लोकांची दिवाळीच! हे वाचून मी चमकलो, पण गोष्ट खरी आहे. ज्या खिळ्यांनी आपली मराठी पुस्तकं छापली गेली ते खिळेही शिसं, कथील आणि अँटिमनीचेच. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी ओतलेले सुबक देवनागरी खिळे ज्या जातीच्या धातूचे, त्याच जातीच्या धातूची ही गोळी. असो, विषयांतर झालं.

आपल्याकडे परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ चं. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, तेही .३२ च. हे काडतूस जुनं, १८९६ च्या सुमाराचं. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त असताना तिथल्या शिपायांना याच मापाची रिव्हॉल्व्हरं दिली गेली होती. आपल्याकडे हे काडतूस थेट खडकीत तयार होतं. तो कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही इंग्रजी अक्षरं असतात, म्हणजे किर्की फॅक्टरी. दुकानदार अशी काडतुसं विकतो तेव्हा परवान्यावर नोंद करतो. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, तेही परवान्यावर लिहिलेलं असतं.

माझ्या मते सगळं शहाणपण या नोंदीत आहे. घरी भरलेल्या काडतुसाची नोंद कुठेच नसते. आज दहा भरली, उद्या चाळीस, त्यातली चार कोणा मित्राला दिली, कोण विचारणार? म्हणून १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्यावाचून काडतुसं बनवायला बंदी आहे. शिवाय दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. तेव्हा भाचेबुवा, तुम्ही हे वाचत असालच. तुमचा साचा तिकडे छंदाची वस्तू असेल, विमानातून उतरताना तो नसती आफत ठरेल. तो तिथेच राहू द्या.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. .३२ च्या पुंगळीत दारू लागते अगदी चिमूटभर, तीही पुंगळी न भरणारी. नजरचुकीने दोनदा पडली तरी कळत नाही, आणि मग हातातलं सिलिंडरच फुटतं. कमी पडली तर गोळी नळीत अडकून बसते, तिच्यामागून दुसरी आली की नळी फाटते. भाचा काटेकोर आहे, दर वेळी तोलून-मापून बघतो. त्याचं काम मोकळ्या गॅरेजमध्ये चालतं. आपल्याकडे हाच उद्योग स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत होईल, आणि शिशाचा मळ लागलेले हात नातवाच्या दुधाच्या पेल्याला लागतील.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. मी त्याला विचारलं, "अरे, सातवी गोळी लागेल असा कुठला प्रसंग तू डोळ्यांपुढे आणलायस?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. प्राण वाचवायला शस्त्र घेतलं असेल तर त्याचा उपयोग तिथून निसटण्यापुरता. लढाई करायला तो काही फौजेत नाही. उलट जादा काडतुसांचे हाल काय होतात ते बघा. सुटी काडतुसं शर्टाच्या खिशात राहतात, शर्ट धुवायला जातो. बॅगेच्या कप्प्यात एखादं महिनोन् महिने पडून राहतं आणि लोहगाव विमानतळावर तपासणीत निघतं. नकळत राहिलेली वस्तू म्हणजे 'ताबा' नव्हे, जाणीव असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली संजय दत्त खटल्यात सांगितलंय. पण ते कोर्टात पटवेपर्यंत विमानही जातं आणि गावभर बोभाटाही होतो. एखादं काडतूस घरातल्या पोराच्या हाती लागलं तर? पोरांच्या हातात हातोडीही येते आणि काड्यापेटीही.

आणि वरातीत खिशात जादा काडतुसं असली की हात शिवशिवतात. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात असा बेदरकार बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी गच्चीवर येतेच ना खाली!

तेव्हा माझं म्हणणं, जादा काडतुसं घरी कुलपात ठेवावीत, तीही शस्त्राच्या कपाटात नव्हे, आणि मोजून वहीत लिहून. आमच्या खाणींत सुरुंगाची दारू मोजून देतात, मग यांनी का मोजू नये?

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. तो म्हणतो, "मामा, मी एका शनिवारी जेवढे बार काढतो तेवढे तुमचा तो विद्यार्थी जन्मात काढणार नाही. मग जास्त धोक्याचा कोण?" खरं आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना मागणाऱ्याला प्रशिक्षणाचा दाखला द्यावा लागतो, पण एकदा दाखला मिळाला की पुढे सराव कुठे आहे? पोहायला शिकून वीस वर्षं पाण्यात न उतरल्यासारखंच ते. बालेवाडीला खेळाडूंची शूटिंग रेंज आहे. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकली ती रोजच्या सरावावर. परवानाधारकांसाठीही जिल्ह्यात अशी जागा हवी. तिथे वर्षातून चार वेळा यावं लागेल, काडतुसं तिथेच मिळतील, तिथेच उडवली जातील आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून तिथेच जमा होतील. जो येणार नाही त्याच्या परवान्याचं नूतनीकरण होऊ नये. कमरेची किती रिव्हॉल्व्हरं मग कपाटात जातील ते बघायला मला आवडेल.