एकहाती कारभार आणि आपली ग्रामसभा

पारावर हल्ली एकच बोलणं ऐकू येतं : "सगळं एकाच्याच हातात चाललंय, बोललो तर आपलंच अनुदान अडायचं." ही भीती उगाच नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून दर पाच वर्षांनी पंचायत निवडणूक सक्तीची झाली. तरी २०२२ मध्ये मुदत संपताच राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद कोर्टात रेंगाळला. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या! तोवर बंधाऱ्याचं गाऱ्हाणं घालायला सदस्यच नव्हता. प्रशासक भला असेलही, पण त्याला तुमचं मत लागत नाही.

ग्रामसभा मात्र आपल्या हातची. कोरम १५ टक्के किंवा १०० मतदार, कमी असेल तो. तो भरला नाही की सभा तहकूब. आणि खरी मेख इथंच आहे, तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग चार टाळकी गावाचा ठराव करतात. म्हणून पहिल्याच सभेला जा, भावकी-शेजार घेऊन जा. घोळक्यातल्या माणसाचं अनुदान अडवणं जड जातं. बोललेलं इतिवृत्तात लिहवून घ्या. नक्कल मिळेना तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि हजेरीची सही कोऱ्या पानावर करू नका.