लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर

प्रवासवर्णन शिकवताना एक व्याख्या आपण वर्षानुवर्षे पुढे नेत आलो आहोत : लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा असलेले, ललित अंगाने केलेले प्रवासाचे चित्रण. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ला (१९६०) ही व्याख्या चपखल बसते. पण तीच मोजपट्टी घेऊन एकोणिसाव्या शतकाकडे गेलो, की त्या काळचे प्रवासी लेखक माहितीच्या ओझ्याने वाकलेले आणि लालित्याला पारखे वाटू लागतात. आमच्या मते दोष मोजपट्टीचा आहे. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६च्या मार्चमध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियास पोचल्या आणि पुढे १८८८पर्यंत अमेरिकेत राहिल्या. इतक्या दीर्घ वास्तव्यानंतर लिहिलेल्या या पुस्तकात प्रवासाचा भाग मात्र थोडा आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्म आणि परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापार असा त्याचा विस्तार आहे. शीर्षकातला क्रमही बोलका आहे. लोकस्थिती आधी येते, प्रवासवृत्त नंतर.

हा क्रम का, हे समजण्यासाठी रमाबाईंचा वाचक कोण होता ते पाहावे लागते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ज्या मराठी सुशिक्षित समाजासाठी त्या लिहीत होत्या, त्यातले अनेक जण त्यांच्याकडे संशयाने पाहत होते. अशा वाचकापुढे "मला तिथे काय वाटले" हे सांगून भागणारे नव्हते. भावना नाकारता येते. कायदा, संस्था आणि आकडा सहजासहजी नाकारता येत नाही. ज्याला आपण आज रूक्षपणा म्हणतो, तो आमच्या दृष्टीने विश्वास संपादन करण्याचा विचारपूर्वक निवडलेला मार्ग होता.

याला बळ देणारा पुरावा रमाबाईंच्याच लेखणीत आहे. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीत होते, अमेरिकन वाचकांसाठी होते आणि बालविधवांसाठी शाळा काढण्यास मदत मिळावी हा त्याचा उघड हेतू होता. त्याच वर्षअखेर बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. म्हणजे अवघ्या दोन वर्षांत एकाच लेखिकेने भारत अमेरिकेला सांगितला आणि अमेरिका महाराष्ट्राला. पहिल्या पुस्तकात हिंदू स्त्रीच्या आयुष्याच्या अवस्था क्रमाने मांडत वाचकाच्या करुणेला आवाहन आहे. दुसऱ्यात वाचकाच्या विवेकाला. लेखिका तीच, पण वाचक बदलताच मांडणीची रीत बदलते. दूरदेशाचे चित्र त्या देशाइतकेच ज्याला ते दाखवायचे त्याच्यावरही अवलंबून असते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

इंग्लंडचे जोखड झुगारून राजाविना कारभार चालवणारे राष्ट्र म्हणून अमेरिका दाखवणे, हे त्याच इंग्लंडच्या प्रजाजनांपुढे निरुपद्रवी वर्णन नव्हते. त्याच वर्षअखेर मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि रमाबाई त्यात प्रतिनिधी म्हणून सहभागी झाल्या, हा संदर्भ विसरून चालणार नाही.

म्हणून हे पुस्तक अमेरिकेची स्तुतिगाथा ठरते का? ठरत नाही. मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष आणि स्त्रियांच्या राजकीय हक्कांची वाण यांची नोंद त्यात आहे. तरीही एक मर्यादा मान्य केली पाहिजे. रमाबाईंना अमेरिकेची दारे प्रामुख्याने सुधारक स्त्रिया, शिक्षणसंस्था आणि चर्चशी संबंधित मंडळींनी उघडली. यजमानांच्या दिवाणखान्यातून पाहिलेला देश जरा अधिक उजळ दिसायचाच. शिवाय शारदा सदन त्याच यजमानांच्या साहाय्यावर उभे होते. कृतज्ञता आणि चिकित्सा यांतली ही ओढाताण आम्हांला या पुस्तकाचे वैगुण्य वाटत नाही. किंबहुना वर्गात चर्चा करावी असा सर्वांत जिवंत भाग तोच आहे.

२००३ साली मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी अनुवादाने हे पुस्तक जगभरच्या अभ्यासकांपुढे गेले. मराठीच्या वर्गात मात्र ते बहुधा प्रवासवर्णनाच्या इतिहासातील एका ओळीपुरते उरते आणि पुढची पाने ललित प्रवासवर्णनांना मिळतात. त्या पानांविषयी आमची तक्रार नाही. पण प्रवासवर्णनात 'लेखक कसा दिसतो' हा एकच प्रश्न विचारत राहिलो, तर 'लेखक कोणाला काय दाखवू पाहतो' हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती कधीच येणार नाही. आरंभीच्या प्रवासी लेखकांना न्याय द्यायचा असेल, तर सुरुवात या दुसऱ्या प्रश्नापासून करावी, असे आम्ही सुचवतो.