भरलेली पोटरी

गेल्या श्रावणांत शेजारच्या वाड्यांतील सूनबाई आपल्या सात वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आल्या. "गुरुजी, पोटऱ्या पाहा कशा पहिलवानासारख्या भरल्या आहेत, पण भुईवरून उठतांना हा मांड्यांवर हात टेकतो," असें म्हणाल्या. आजीबाईंनीं ही घरच्या तुपाची किमया समजून नातवाची दृष्टहि काढली होती. आम्ही पडलों संस्कृताचे मास्तर. संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे त्वरित जा, असें सांगितलें, इतकेंच आमचें कर्तृत्व.

रोग ड्यूशेन नांवाचा स्नायुक्षय निघाला. तो बहुतेक मुलग्यांसच होतो. जनुकांच्या तपासणीनें निदान पक्कें झालें. परंतु आंत स्नायु किती उरला हें ती तपासणी सांगत नाहीं. पोटरी भरली होती ती बळानें नव्हे, मेदानें. आणि तें उघड केलें एमआरआयच्या चित्रानें. पूर्वीं यासाठीं मांसाचा तुकडा काढून पाहावा लागे, व तोहि एकाच जागचा.

या यंत्राची युक्ति वाचकांनीं ऐकण्यासारखी आहे. शरीरांतील पाण्यांत व मेदांत हायड्रोजन असतो, आणि त्याचा प्रत्येक अणुगर्भ म्हणजे इवलासा चुंबकच. दीड टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारें तीस हजार पट प्रबळ चुंबकांत रुग्णास निजवून रेडिओलहरी सोडल्या कीं हे अणुगर्भ प्रत्युत्तर देतात. त्या उत्तरावरून चित्र रेखण्याची रीति लॉटरबर यांनीं १९७३ सालीं मांडली. त्यांस व मॅन्सफील्ड यांस २००३ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. पाण्यांतील हायड्रोजनचा स्वर मेदांतल्याहून किंचित् चढा असतो. उदात्त-अनुदात्त घोकलेल्यांस याचें नवल वाटूं नये! या स्वरभेदावरून डिक्सन यांनीं १९८४ सालीं दोहोंचीं चित्रें निरनिराळीं काढून दाखविलीं. मांडींत शेंकडा किती मेद झाला हें आज त्याच तत्त्वावर मोजतात, आणि नव्या औषधानें ती वाढ मंदावते कीं काय हें संशोधक त्यावरून पारखतात. वाहतें रक्तहि या यंत्रांत औषध न टोचतां उजळ दिसूं शकतें. तेव्हां चार पावलें चालतांच ज्यांच्या पोटऱ्या आवळतात त्यांची रोहिणी कोठें अरुंद झाली तेंहि कळतें.

मुलाचे वडील जालन्यास सळयांच्या कारखान्यांत आहेत. उमेदवारीच्या दिवसांत ग्राइंडरवर होते. मुलगा भिईल म्हणून तेच सोबत आंत जाणार होते. यंत्र चालविणाऱ्या तरुणानें विचारलें, "डोळ्यांत कधीं लोखंडाचा कण गेला होता काय?" तेव्हां जुनी गोष्ट त्यांस आठवली, आणि त्यांस बाहेरच थांबविलें. तसा कण आंत राहिला असेल तर चुंबक तो हलवितो व दृष्टि जाऊं शकते. आमच्या गांवीं लोखंडाचे कारखाने पुष्कळ, म्हणून हें विस्तारानें लिहितों. मुंबईंत २०१८ च्या जानेवारींत प्राणवायूचें नळकांडें या खोलींत नेणारा एक तरुण त्यासह चुंबकाकडे ओढला जाऊन प्राणास मुकला. चित्र काढणें थांबलें तरी चुंबक निजत नाहीं.

सूनबाईंनीं मग मंगळसूत्र उतरून सासूबाईंच्या हातीं दिलें व त्याच आंत बसल्या. त्या खडखडाटांत अर्धा-पाऊण तास त्यांनीं मुलाचा हात सोडला नाहीं.

मुलगा सध्यां स्टेरॉइड घेतो. त्यानें रोग जात नाहीं, त्याची चाल मंदावते. शाळेंत अद्याप पायींच जातो. दुसरें चित्र येत्या श्रावणांत काढावयाचें आहे. आजीबाई पोटरीवरून हात फिरवितात. बोलत मात्र कांहीं नाहींत.